मोठ्यांच्या ओपीडीत जाण्याआधी

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला, दोनदा वाचला. सोलापूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी "आता तू अठराची झालीस, पुण्याला चाललीच आहेस तर तिकडे मोठ्यांचा डॉक्टर बघ" असं सांगितलं आणि बार्शीला परत येताना तू एसटीत रडलीस, हे तू शेवटी घाईघाईत लिहिलंयस, पण मला सगळ्यात आधी तेच बोलायचंय. नवव्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघून तू आयसीयूत होतीस तेव्हापासून ज्यांनी तुला बघितलं, ज्यांना तुझ्या शाळेतल्या बाईंचं नाव पण माहीत आहे, त्यांच्याकडून निघताना रडू येणारच गं. मला पण टाइप वनच, मला पण आलं होतं आणि मी तर तेव्हा वीस वर्षांची होते.

पुण्यात चांगला डॉक्टर कोण हे तू विचारलंयस. त्याच्यावर येतेच, पण त्याआधी एक काम आजच कर. सोलापूरला फोन करून सांग की पुण्यातली पहिली अपॉइंटमेंट होऊन तिथं नीट बसेपर्यंत माझं नाव तुमच्याकडेच राहू दे, मी दिवाळीच्या सुट्टीत एकदा दाखवायला येईन. ते नाही म्हणणार नाहीत. आणि पुण्याची अपॉइंटमेंट कॉलेज सुरू व्हायच्या आधी घे, नंतर नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात ना, इथं ते अक्षरशः खरं आहे, कारण मी आजवर जेवढी मुलं घसरलेली बघितलीत त्यातली बहुतेक ह्याच मधल्या काळात घसरलीत. जुने डॉक्टर सुटले, नवे मिळाले नाहीत, कॉलेज, सबमिशन, मेस, नवी मित्रमंडळी, आणि इन्सुलिन काय, जुन्या चिठ्ठीवर ओळखीचा मेडिकलवाला देतोच. त्यामुळे वरवर सगळं चालू असतं. वर्ष जातं, दीड वर्ष जातं, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) कुणी केलेली नसते, डोस बारावीचाच चालू असतो, आणि मग एक दिवस उलट्या करत कॅज्युअल्टीत, किंवा डोळ्यासमोर काळे ठिपके येतायत म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ही मुलं बेजबाबदार अजिबात नव्हती, तुझ्यासारखीच शहाणी होती, फक्त त्या वर्षात "ये गं, तुझी तारीख आहे" असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

हे जगभर असंच होतं बरं का. कॅनडात मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे, तिथं २००२ पासून ह्यासाठी माएस्ट्रो नावाचा एक उपक्रम चालवला, त्यात एका माणसाचं कामच हे की लहान मुलांच्या क्लिनिकमधून बाहेर पडलेल्या टाइप वनच्या मुलांना फोन करायचा, अपॉइंटमेंट चुकली तर परत मिळवून द्यायची, अडलं तर कुठं जायचं ते सांगायचं. मला ती कल्पना फार आवडते. किती साधी गोष्ट आहे, एक माणूस आणि एक फोन. आपल्याकडे असा माणूस प्रत्येक हॉस्पिटलात असायला पाहिजे, आज तो बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून तुझ्यापुरतं ते काम मी करणार आहे आणि तू मला करू देणार आहेस.

दुसरं काम समरीचं. तुझ्या आईने मला मागे त्या वह्यांचे फोटो पाठवले होते, ती लाँगबुकं, पट्टीने आखलेले रकाने, नाश्त्याआधी, जेवणाआधी, झोपताना, रात्री तीन, आणि लो आलेला आकडा लाल पेनने, कडेला बारीक अक्षरात "पी.टी.चा तास होता", "आजोळी लग्न, जिलेबी २". नऊ वर्षांच्या वह्या. अगं ते सोनं आहे, पण पुण्याचे डॉक्टर त्या गठ्ठ्यातलं एक पान उलटणार नाहीत, त्यांच्याकडे तेवढा वेळच नसतो. म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक-दोन पानांची समरी मागून घे. त्यात काय पाहिजे ते सांगते: डायबिटीस कधी निघाला, तेव्हा अँटीबॉडी (टाइप वनची खूण) किंवा सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते) केलं असेल तर त्याचा रिपोर्ट, कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणं) होऊन कितीदा अॅडमिट झालीस, बेशुद्ध होण्याइतकी शुगर कधी लो झाली का, आत्ताचे डोस, खाण्यातल्या किती कार्बला (कर्बोदकांना) किती युनिट आणि शुगर जास्त असली तर करेक्शन किती, मागच्या दोन वर्षांच्या एचबीएवनसी तारखांसकट, डोळे आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीसाठी) शेवटचं कधी तपासलं, थायरॉइड, सिलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं). अँटीबॉडीचा रिपोर्ट जपून ठेव हे दोनदा सांगते. का ते पुढे कळेल. सगळ्याचा पीडीएफ करून फोनमध्ये, आईच्या फोनमध्ये आणि माझ्याकडे.

आता मोठ्यांची ओपीडी. तिथं गेल्यावर दचकू नकोस म्हणून आधीच सांगून ठेवते. भिंतीवर मिकी माउस नसतो. बाकावर सगळे काका-काकू, आजोबा, कुणी उपाशीपोटी रक्त देऊन आलेलं, कुणी डब्यातला उपमा खाऊन दोन तास मोजत बसलेलं, बोलणं गुडघ्यांचं, पायाच्या जखमेचं, कुणाच्यातरी डायलिसिसचं. शेजारच्या काकू हमखास विचारतात "कुणाबरोबर आलीस? पेशंट कुठाय?" आणि तू पेशंट म्हटल्यावर "अगं बाई, एवढ्याशा वयात? गोड फार खायचीस का?" त्यांच्या मनात वाईट नसतं. एका वाक्यात सांगायचं, "माझा टाइप वन आहे, लहानपणी होणारा, शरीरात इन्सुलिनच बनत नाही, खाण्याने होत नाही." जास्त बोलायची इच्छा नसेल तर इअरफोन. त्या बाकावर बसून स्वतःचं पुढचं सगळं आयुष्य त्या जखमेत आणि डायलिसिसमध्ये बघू नकोस, एवढं मात्र मी हात जोडून सांगते. आजची इन्सुलिनं, अंगावर लावायचा शुगरचा सेन्सर, वेळेवरच्या तपासण्या हे सगळं तुझ्या बाजूने आहे, आणि तिथं बसलेल्या बऱ्याच जणांचा आजार वेगळा आहे.

आत गेल्यावर फरक असा की डॉक्टर तुझ्याशी बोलतील, आईशी नाही. आणि लवकर बोलतील. लहान मुलांच्या डॉक्टरांकडे अर्धा तास शाळा, डबा, भांडणं सगळं निघायचं, इथं आकडे विचारले जातात, डोस बदलला जातो, पुढचा पेशंट. त्याचं वाईट वाटून घेऊन जायचंच बंद केलेली मुलं मी बघितलीत. मिळालेल्या सात-आठ मिनिटांचं सोनं करायचं असेल तर तयारी तुझी पाहिजे. बसल्या बसल्या पहिलं वाक्य: "मला नवव्या वर्षापासून टाइप वन आहे, बेसल-बोलस इन्सुलिनवर आहे, ही समरी." (बेसल म्हणजे दिवसभर चालणारं लाँग अॅक्टिंग, बोलस म्हणजे जेवणाआधीचं.) मग मागच्या दोन आठवड्यांचे आकडे, आणि कागदावर लिहिलेले तीन प्रश्न. तीनच. सगळ्यात नडणारा प्रश्न पहिला लिही, कारण आपण सगळेच तो शेवटी दारात उभं राहून विचारतो.

ते पहिलं वाक्य एवढं घोकून घे असं का म्हणतेय तर आपल्याकडे डायबिटीस म्हणजे टाइप टू, सहसा मोठेपणी होणारा, बऱ्याचदा गोळ्यांवर भागणारा, हेच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि गर्दीच्या ओपीडीत किंवा गावी तापासाठी दाखवायला गेल्यावर एखादा नवखा डॉक्टर वय आणि शुगर एवढंच बघून "कशाला टोचतेस, गोळ्या सुरू करू" म्हणू शकतो. माझ्या माहितीतल्या एका मुलाचं असं झालं, चार दिवसांत तो अॅडमिट. तू गोळ्यांवर राहू शकत नाहीस. टाइप वनच आहे हे दाखवणारा तो अँटीबॉडीचा रिपोर्ट ह्याचसाठी जपायचा. आणि तुझ्या आत्याबाईंनी सांगितलेले ते काढा देणारे वैद्य, "सहा महिन्यांत इन्सुलिन सोडवतो" वाले, त्यांच्याबद्दल तू विचारलं नाहीस पण मला आईकडून कळलं. नाही म्हणजे नाही. इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिलं, टोरांटोत, एका चौदा वर्षांच्या मुलाला, त्याआधी तुझ्यामाझ्यासारखी मुलं वर्ष-दोन वर्षांत जायचीच, जगातले सगळे काढे तेव्हाही होते. नातेवाइकांशी वाद घालू नकोस, हो हो म्हण आणि आपलं इन्सुलिन घे, पण डोस एकही सोडू नकोस.

बरं, डॉक्टर. तू जिथं राहणार तिथून एका बसने किंवा मेट्रोने जाता येईल असा बघ, कितीही नावाजलेला असला तरी दोन तास लांब असेल तर तिसऱ्या महिन्यात तू टाळाटाळ करशील. पुण्यात टाइप वनचं काम चांगलं आहे, केईएमचं डायबिटीस युनिट कितीतरी वर्षांपासून आहे, जहांगीरमध्ये लहान मुलांसाठी मोठं काम चालतं आणि तिथल्या लोकांना मोठ्यांचे कोणते डॉक्टर टाइप वन मनापासून बघतात हे माहीत असतं, त्यांना विचारायला काहीच हरकत नाही. फोन करून रिसेप्शनला सरळ विचार: डॉक्टरांकडे टाइप वनचे तरुण पेशंट आहेत का, डायबिटीस एज्युकेटर आणि डाएटिशियन तिथंच बसतात का, रात्री शुगर चढली आणि उलट्या सुरू झाल्या तर कोणत्या नंबरवर बोलायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सकाळी ओपीडीत या" असं आलं तर पुढचा नंबर फिरव. दोन-तीन भेटीत जमलं नाही तर बदल, त्यात पाप नाही, पण दुसरा ठरल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.

आता एक बारीक गोष्ट, पण हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, म्हणून नीट वाच. तू आजवर घरी इन्सुलिन व्हायलमधून, म्हणजे बाटलीतून, लाल टोपीच्या सिरिंजने घेत आलीस. ती व्हायल ४० ची आहे, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि लाल टोपीची सिरिंज त्याच मापाची. आता हॉस्टेलला सोयीचं म्हणून तुला इन्सुलिनचं पेन देतील, पेनातलं कार्ट्रिज १०० चं असतं. पेन वापरतेस तोवर काही प्रश्न नाही, ते आपलं आपण मोजतं. पण एखाद्या रात्री पेन बिघडलं, सुया संपल्या, आणि तू कार्ट्रिजमधून जुन्या लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलंस, तर शरीरात १० नाही, २५ युनिट जातील. अडीच पट. झोपेत. आणि उलटं केलंस, ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपीची १०० ची सिरिंज, तर १० च्या जागी फक्त ४ जातील आणि शुगर का चढतेय तेच कळणार नाही. म्हणून हॉस्टेलवर लाल टोपीच्या सिरिंज न्यायच्या तर सोबत ४० ची व्हायल, आणि दोन्हींचा डबा वेगळा. मेडिकलवाल्याने "हेच आहे, चालतंय" म्हटलं तरी बाटलीवरचा आकडा स्वतः वाचायचा. एक नवी सवय म्हणून आत्ताच आईसमोर चार-पाचदा करून बघ.

आई. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. नऊ वर्षं ती बाई रात्री तीनचा अलार्म लावून उठलीये, तुझ्या कपाळाला हात लावून घाम आहे का बघितलंय, आणि आता तू दोनशे किलोमीटर लांब. तिचा जीव टांगणीला लागणारच. पण खरी अडचण वेगळीच आहे, तुझा डायबिटीस आत्ता तिच्या डोक्यात आहे. स्ट्रिप्स किती उरल्या, इन्सुलिन कधी उघडलं, पावभाजीला दोन युनिट जास्त लागतात, पाळी यायच्या आधी तुझी शुगर चढते, हे तुला अर्धंमुर्धं माहीत आहे आणि तिला पाठ आहे. अॅडमिशनच्या आधी जेवढे आठवडे मिळतायत त्यात ते तिच्या डोक्यातून तुझ्यात यायला पाहिजे. करायचं असं, की जेवायला बसताना तू मोठ्याने बोलायचं, "दोन पोळ्या, एक वाटी भात, वरण, म्हणजे एवढे कार्ब, शुगर १६० आहे, मी एवढे घेतेय", आणि तिने गप्प बसायचं. फार चुकत असेल तरच बोलायचं. त्यानंतरच्या टप्प्यात तिने बघायचंही नाही, रात्री एकदा वही बघायची. औषधं आणायला तू जायचं, पैसे तू द्यायचे, बिलं तू ठेवायची. तिला हे फार अवघड जाईल, तुझ्यापेक्षा जास्त. तिला मी वेगळा फोन करणार आहे.

आणि पुण्याला गेल्यावर तिच्याशी एक करार कर. फोन उचलल्यावर पहिला प्रश्न "शुगर किती?" असा नको. सांगून ठेव की आकडे रोज रात्री साडेनऊला मी पाठवेन, नाही आले तर तू फोन कर, पण बाकी वेळेला मला जेवलीस का, मैत्रिणी कशा आहेत हे विचार. हा करार झाला नाही ना की मुली खोटे आकडे सांगायला लागतात, आईला त्रास नको म्हणून, आणि एकदा खोटं सांगायची सवय लागली की मग डॉक्टरांनाही तेच सांगितलं जातं. ३२० आली तर ३२० सांग. आकडा म्हणजे पुढचा डोस ठरवायची माहिती, तुझ्या चारित्र्याचा दाखला नाही तो. सेन्सर परवडत असेल तर फारच सोपं होतं, आई घरबसल्या बघू शकते, फक्त ती किती बघणार आणि कधी बोलणार हे आधी ठरवा. शुगर सत्तर ते एकशेऐंशीच्या मध्ये दिवसातला सत्तर टक्के वेळ राहिली तर उत्तम चाललंय असं मानतात, रोजचा प्रत्येक आकडा शंभर यायला पाहिजे असं कुणीही म्हणत नाही.

हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी रूममेटला सांग. मला माहितीये तुला नको वाटतंय, शाळेत त्या मुलींनी जे केलं ते मी विसरले नाहीये. पण जिच्या शेजारी तू झोपणार तिला माहीत नसणं धोक्याचं आहे. तिला एवढंच शिकवायचं: मी घामाघूम झाले, थरथरायला लागले, उगाच चिडले किंवा असंबद्ध बोलायला लागले तर आधी मला ग्लुकोज दे, नंतर विचार. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत शुगर चेक, अजून सत्तरच्या खाली असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा जाते. आणि मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन. हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. ग्लुकोज तीन ठिकाणी पाहिजे, उशीपाशी, सॅकमध्ये आणि गाडीच्या डिकीत. गाडीवर बसायच्या आधी शुगर बघायची, ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग किल्ली फिरवायची. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये ह्यात कधीच सूट नाही.

इन्सुलिनचा स्टॉक रेक्टरच्या फ्रिजमध्ये, दारात ठेव, फ्रीझरला चिकटून नको, गोठलं की ते गेलं. जे उघडलंय ते साधारण २८ दिवस बाहेर चालतं, पण एप्रिल-मेमध्ये हॉस्टेलच्या पत्र्याच्या खोलीत नाही, तेव्हा आपलं मडकं आणि ओली वाळू. प्रवासात एसटीच्या डिकीत सामानाबरोबर टाकू नकोस, मांडीवरच्या पर्समध्ये.

मेस. त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस आणि पहिल्या महिन्यात तुला सगळ्यात जास्त छळणार आहे ती मेस. घरी आईच्या पोळ्या एकसारख्या, मेसची पोळी एक दिवस पापड, एक दिवस भाकरीएवढी. रविवारी फीस्ट, साबुदाण्याची खिचडी असली की शुगर रॉकेटसारखी वर. पहिले पंधरा दिवस जरा जास्त वेळा चेक कर, ताटाचा फोटो काढ आणि दोन तासांनंतरचा आकडा त्याखाली लिही. पंधरा दिवसांत तुझं मेसचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. भात आधी वाटीने मोजून, अंदाजाने वाढून घेणं नंतर.

गणपतीत तू नाचणार, नाचच. विसर्जनाच्या रात्री सात-आठ तास चालणं, ढोल, आणि खाणं म्हणजे मिळेल ते. एवढी हालचाल झाली की शुगर लगेचच नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटे, झोपेत पण पडू शकते. म्हणून घरी आल्यावर काहीतरी खाऊन, चेक करून झोप, आणि त्या रात्रीच्या लाँग अॅक्टिंगबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेव. दारूचंही सांगूनच टाकते, कारण तुला दुसरं कुणी सांगणार नाही, घरी हा विषयच निघत नाही. घे म्हणत नाही. पण कधी पार्टीत घेतलीसच तर एवढं लक्षात ठेव की लिव्हर दारूच्या मागे लागलं की रक्तात साखर सोडायचं त्याचं काम थांबतं, म्हणून शुगर काही तासांनी, मध्यरात्री पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं हिला चढलीये. उपाशीपोटी कधीच नाही, एकटी कधीच नाही, आणि बरोबरच्या एकीला तरी टाइप वन माहीत पाहिजे.

आजारपणाचा नियम एकच, आणि तो मी ज्याला भेटते त्याला सांगते. "जेवलेच नाही म्हणून इन्सुलिन घेतलं नाही" हे वाक्य मी कॅज्युअल्टीच्या बाहेर सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. ताप, जुलाब, उलटी, काहीही असो, लाँग अॅक्टिंग बंद करायचं नाही, आजारात शुगर उलट चढते. २५० च्या वर जाऊन खाली येत नसेल तर लघवीच्या कीटोन स्ट्रिप्स, त्या आत्ताच घेऊन ठेव, रात्री अकराला मिळत नाहीत. कीटोन आले, पोटात दुखतंय, उलटी थांबत नाही, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तर वाट बघायची नाही, ट्यूशनचा विचार नाही, परीक्षेचा नाही, हॉस्पिटल.

परीक्षेवरून आठवलं. बारावीच्या बोर्डाला तुला खायचं नेऊ देतील का म्हणून केवढी धावपळ झाली होती. सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप वनच्या मुलांना खायचं आणि पाणी नेण्याची परवानगी दिलीये, जेईईला साखरेच्या गोळ्या, फळ आणि पारदर्शक बाटली नेता येते. तुझ्या कॉलेजला सेमिस्टर सुरू होतानाच परीक्षा विभागात डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह अर्ज दे, मीटरचा आणि सेन्सरचा उल्लेख करून, आणि पोच घे. पेपरच्या दिवशी सुपरवायझरला समजावत बसायचं नसतं.

पैशाचं बाबांशी बोलून घे. ज्या ट्रस्टकडून तुला स्ट्रिप्स मिळतात त्यांची वयाची अट काय आहे ते आत्ता विचार, बऱ्याच योजना ठराविक वयाला थांबतात आणि मुलांना ते डबा रिकामा झाल्यावर कळतं. नागपूरला ड्रीम ट्रस्ट, संभाजीनगरला उडान, अशी टाइप वनच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत, अडचण आली तर विचारायला लाजायचं नाही. घरच्या मेडिक्लेममध्ये तुझं नाव किती वयापर्यंत राहतं तेही बघा, आणि पॉलिसी काढताना टाइप वन लपवायचा नाही, नंतर क्लेम अडकतो. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणून जितक्या लवकर काढाल तितकं बरं.

लपवण्यावरूनच, मावशीने आईला म्हटलंय म्हणे की "पुण्यात कुणाला सांगू नका, उद्या लग्नाला अडचण येईल." मी ह्यावर भांडायला तयार आहे. लपवायचं म्हणजे बाथरूममध्ये टोचणं, बाहेर गेल्यावर डोस उशिरा, लो आलं तरी हसत बसणं, आणि हे सगळं शरीरावर निघतं. आम्ही टाइप वनच्या बायका लग्नं करतो, मुलं होतात, चांगली होतात, फक्त मूल हवं असेल तेव्हा शुगर आधी आटोक्यात आणून, डॉक्टरांशी बोलून, ठरवून. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा हा एक फायदा आहे की हे प्रश्न तू आईला बाहेर बसवून विचारू शकतेस. विचार.

अजून एक, हळू आवाजात. कधीतरी वीट येईल. येतोच सगळ्यांना, रोज चार-पाच वेळा टोचायचं आणि सुट्टी नाही. कंटाळून चेक करणं बंद होतं, किंवा वजन कमी व्हावं म्हणून मुद्दाम डोस कमी घेतला जातो. हे दुसरं फार भयंकर आहे आणि मुली कुणाला सांगत नाहीत. तसं काही मनात आलं तर मला सांग, रात्री दोनलाही चालेल. मला सांगवत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. आणि डॉक्टरांना पण सांग, "डोस घ्यायचा कंटाळा आलाय" एवढं वाक्य पुरतं, चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

डोळ्यांचं विसरले. बाहुली मोठी करून रेटिना वर्षातून एकदा, लघवीतलं अल्ब्युमिन एकदा, थायरॉइड आणि लिपिड डॉक्टर सांगतील तसं, एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी. लहानपणी ह्या तारखा क्लिनिकवाले लक्षात ठेवायचे, आता त्या तुझ्या फोनच्या कॅलेंडरात. वाढदिवसाच्या महिन्यात डोळे असं ठेव, विसरायला होत नाही.

ह्या आठवड्यात सोलापूरला फोन झाला की मला कळव. समरी हातात आली की फोटो पाठव, त्यात काय राहिलंय ते मी बघते. पुण्याच्या अपॉइंटमेंटची तारीख ठरली की ती पण पाठव, मला सुट्टी घेता आली तर मी येऊन बाहेर बसेन, आत तू एकटी जा. आणि मेसचा पहिला ताटाचा फोटो आईच्या आधी मला, भाताचा अंदाज आपण मिळून लावू.

तुझी ताई